पाटलिपुत्राची चूल

एप्रिल २०१६ च्या अखेरच्या आठवड्यात बिहार शासनाच्या आपत्ती व्यवस्थापन विभागाने एक सूचना काढली. ग्रामीण भागात सकाळी ९ पूर्वी आणि संध्याकाळी ६ नंतरच स्वयंपाक करावा, मधल्या वेळात चूल पेटवू नये, दिवसा होमहवन करू नये, शेतातील काडीकचरा जाळू नये, असा तिचा आशय होता. त्या उन्हाळ्यात तोवर राज्यात आगींनी साठाहून अधिक माणसे आणि हजाराच्या घरात गुरे दगावली होती. औरंगाबाद जिल्ह्यात (बिहारमधील औरंगाबाद, आपले नव्हे) एका पूजेच्या होमातील ठिणगीने दहाहून अधिक जीव घेतले होते. सूचनेबरोबर शिक्षेचीही भाषा झाली, मग हा केवळ सल्ला आहे असा खुलासा झाला. दिल्ली-मुंबईच्या वर्तमानपत्रांना आणि वाहिन्यांना मात्र चार दिवस करमणुकीचा विषय मिळाला. "आता सरकार स्वयंपाकावरही बंदी घालणार" असे म्हणून लोक हसले. पुण्याहून माझ्या धाकट्या बंधूंचा फोन आला, "दादा, तुमच्या बिहारने हे काय नवीन काढले?"

मला हसू आले नाही, याची दोन कारणे होती. एक म्हणजे ही आज्ञा नवीन नव्हती. जवळजवळ हीच आज्ञा मी एका फार जुन्या ग्रंथात वाचली होती, आणि तो ग्रंथही परंपरेने याच पाटण्याशी जोडला गेलेला आहे. दुसरे कारण माझ्या नोकरीतील आहे. ते पुढे सांगतो.

कौटिल्याचे अर्थशास्त्र शतकानुशतके केवळ नावाने ठाऊक होते. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आलेल्या ताडपत्रांच्या पोथीवरून शामशास्त्री यांनी ते १९०९ मध्ये छापले. पुढे १९६० ते १९६५ या काळात आपले र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठातर्फे त्याची चिकित्सक आवृत्ती, इंग्रजी भाषांतर आणि विवेचन तीन भागांत सिद्ध केले. ग्रंथाच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तो एकहाती नसावा आणि मौर्यकाळानंतरही त्यात भर पडली असावी असे अनेकांना वाटते. आपल्या विषयाला त्याने बाध येत नाही. ज्याने तो भाग लिहिला त्याला शहर चालविण्याचा अनुभव होता, हे कोणत्याही प्रशासकाला पहिल्या वाचनातच जाणवते.

दुसऱ्या अधिकरणाच्या छत्तिसाव्या अध्यायात नागरकाची, म्हणजे नगराच्या मुख्य अधिकाऱ्याची, कर्तव्ये दिली आहेत. तेथे आगीचा विषय येतो. उन्हाळ्यात दिवसाच्या चार भागांपैकी मधल्या दोन भागांत विस्तव पेटवू नये. पेटवल्यास एक-अष्टमांश पण दंड. सूर्योदय सहाला धरला तर मधले दोन भाग म्हणजे सकाळी ९ ते दुपारी ३. बिहार शासनाच्या सूचनेतही प्रारंभ ९ वाजताच होता. ज्या अधिकाऱ्याने २०१६ चा मसुदा लिहिला त्याने अर्थशास्त्र उघडून पाहिले असेल असे मला वाटत नाही. त्याने खिडकीबाहेर पाहिले असेल. गंगेच्या मैदानात एप्रिलमध्ये नऊच्या सुमारास पश्चिमेचा कोरडा वारा उठतो, त्याला तिकडे पछुआ म्हणतात. तो दोन हजार वर्षांपूर्वीही त्याच वेळी उठत असणार.

पण कौटिल्य बंदी घालून थांबत नाही, पर्यायही देतो: स्वयंपाक करायचाच असेल तर घराबाहेर करावा. गवताची आणि चटयांची आच्छादने काढावीत. लोहारासारखे विस्तवावर पोट भरणारे लोक एका ठिकाणी वसवावेत. घरमालकांनी रात्री आपापल्या दाराशी असावे. रस्त्यांवर, चौकांत, वेशींजवळ आणि राजवाड्याभोवती पाण्याचे घट हजारांनी भरून ठेवावेत. आणि प्रत्येक घरात काही वस्तू असल्याच पाहिजेत: पाच घागरींचा संच, मोठा रांजण, द्रोणी म्हणजे लाकडी पात्र, शिडी, कुऱ्हाड, सूप, अंकुश म्हणजे आकडी, पेटलेले छप्पर ओढून काढण्याची पकड, आणि पाण्याची कातडी पखाल. त्या नसतील तर पाव पण दंड.

दंडांचे प्रमाण मी नोकरीत असताना एकदा कागदावर मांडून पाहिले होते. भरदुपारी चूल पेटविणाऱ्यास एक-अष्टमांश पण, आणि आग विझविण्याची साधने न ठेवणाऱ्यास त्याच्या दुप्पट. पेटलेल्या घराकडे धावून न जाणाऱ्या घरमालकास १२ पण, भाडेकरूस त्याच्या निम्मे, म्हणजे ६. निष्काळजीपणाने आग लावणाऱ्यास ५४ पण. त्याच ग्रंथात सर्वांत खालच्या सेवकाचे वार्षिक वेतन ६० पण सांगितले आहे. म्हणजे निष्काळजीपणाची किंमत जवळजवळ वर्षाचा पगार! जाणूनबुजून आग लावणाऱ्याची शिक्षा तर त्याच आगीत मरण अशी आहे. ती आजच्या कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारी नाही, हे सांगायला नकोच. पण लहान दंडांतला विचार मला शहाणा वाटतो. चूल पेटविण्यापेक्षा तयारी नसणे हा मोठा दोष, आणि तयारी नसण्यापेक्षा शेजाऱ्याकडे धावून न जाणे हा कितीतरी मोठा.

हे नियम प्रत्यक्षात किती पाळले गेले, हा वेगळा प्रश्न आहे. नियमांची गरज मात्र उघड होती, कारण पाटलिपुत्र हे लाकडाचे शहर होते. मेगॅस्थेनिसच्या वृत्तांतावरून ग्रीक लेखकांनी त्याच्या लाकडी तटाचे वर्णन केले आहे: ६४ दरवाजे आणि ५७० बुरूज. बुलंदीबागच्या उत्खननात त्या तटाचे लाकूड खरोखरच सापडले. कुम्हरार येथे स्पूनर यांनी १९१३ च्या सुमारास स्तंभांचा महाल शोधून काढला. त्यासाठी पैसा आपल्या मुंबईच्या रतन टाटा यांनी दिला होता. तेथे राखेचा थर लागला, आणि महाल आगीत नष्ट झाला असा निष्कर्ष स्पूनर यांनी काढला. बौद्ध परंपरेत तर असे सांगितले आहे की, पाटलिग्राम नगर होऊ घातले असताना बुद्धांनी त्याच्यापुढील तीन संकटे वर्तविली होती: अग्नी, पाणी आणि आपसांतील फूट. पाटण्यात काही वर्षे काढलेल्या माणसाला या यादीत कमी-अधिक करण्यासारखे काही सापडत नाही.

यानंतर मोठी उडी मारून मी एकोणिसाव्या शतकात येतो, कारण शासनाची दृष्टी तेथे बदललेली दिसते. फेब्रुवारी १८०३ मध्ये मुंबईच्या कोटातील दाट वस्तीचा मोठा भाग जळाला, आणि कोटाबाहेर नवी वस्ती वसण्यास त्यामुळे वेग आला. २४ एप्रिल १८३७ रोजी सुरतेत मच्छलीपीठ भागातील एका घरात उकळत्या डांबराचे भांडे पेटले. त्या आगीत नऊ हजारांहून अधिक घरे गेली आणि पाचशेहून अधिक माणसे मेली. शेजाऱ्यांनी आपल्या विहिरीचे पाणी घेऊ दिले नाही, असे तेव्हाच्या वृत्तांतांत नोंदले आहे. कौटिल्याचा बारा पणांचा दंड मला येथे आठवतो. त्याच वर्षी कलकत्त्यातही आगींनी गवती झोपड्यांच्या वस्त्या साफ केल्या, आणि शहरात घरांची बाहेरची छपरे व भिंती जळाऊ पदार्थांच्या करण्यास कायद्याने मनाई झाली.

या कायद्याने शहर निश्चितच सुरक्षित झाले. पण शासनाने घराच्या आत पाहण्याचे येथून सोडून दिले, असे मला वाटते. छप्पर, रस्त्याची रुंदी, पुढे पाण्याचा नळ आणि बंब: सगळे लक्ष घराच्या बाहेर गेले. कौल परवडत नव्हते तो शहराच्या हद्दीबाहेर गेला आणि तेथे त्याने पुन्हा गवतच घातले. आजचे कायदेही याच वळणाचे आहेत. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० मध्ये आली आणि २००५ व २०१६ मध्ये सुधारली गेली. तिच्यातील आगीसंबंधीची कडक कलमे मुख्यतः १५ मीटरपेक्षा उंच आणि गर्दीच्या इमारतींसाठी आहेत. महाराष्ट्राने २००६ मध्ये आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम केला, तोही प्रामुख्याने अशाच इमारतींचा विचार करतो. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या विषयसूचीत घातली. खेड्यातल्या दीड खोलीच्या घराला यांपैकी काहीच लागू होत नाही. वास्तविक देशात आगीने मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक राहत्या घरांतच मरतात, असे राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आहेत. २०२२ या एका वर्षात आगीच्या अपघातांतील मृत्यूंची नोंद ७,४३५ इतकी होती.

आता माझे दुसरे कारण.

१९९० च्या दशकाच्या आरंभी मी उत्तर बिहारमधील एका अनुमंडळाचा पदाधिकारी होतो, म्हणजे आपल्याकडचा प्रांत. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तरी आगीची खबर येई. आम्ही तत्परतेने जात असू, आणि त्या तत्परतेचा मला अभिमानही होता. पॉलिथिनची कापडे, चुडा-गूळ आणि रोख अनुदान चोवीस तासांच्या आत पोहोचलेच पाहिजे, असा माझा दंडक होता. अंचलाधिकारी एका छापील नमुन्यात अहवाल पाठवीत: जळालेली घरे, मेलेली जनावरे, धान्य, भांडी. त्यात एक रकाना 'कारण' असा होता. त्यात बहुधा 'चूल्हे की चिनगारी' असे लिहिलेले असे, आणि कधीकधी 'अज्ञात'. मी सही करून कागद वर पाठवीत असे.

गावाच्या टोकाला असलेला एक मुसहर टोला एका वर्षी एप्रिलमध्ये जळाला. चाळीस-एक झोपड्या होत्या. मनुष्यहानी झाली नाही. आम्ही बांबू दिले, गवत दिले, आणि पावसापूर्वी टोला जसाच्या तसा उभा राहिला. त्याबद्दल माझे कौतुकही झाले. पुढच्या वर्षी, एप्रिलमध्येच, तोच टोला पुन्हा जळाला. गाडीचा बंब तालुक्याच्या गावाहून निघाला तो तासाभराने पोहोचला. गवताची झोपडी जळायला दहा मिनिटेही लागत नाहीत. या वेळी सहा वर्षांची एक मुलगी गेली. आईवडील गव्हाच्या कापणीला गेले होते आणि मुलगी धाकट्या भावाला सांभाळत होती. भावाला तिने बाहेर काढले होते. ती परत कशासाठी आत गेली, ते कोणालाच सांगता आले नाही.

जे गवत जळाले ते माझ्या सहीने आलेले होते.

त्या दिवशी प्रथमच मी 'कारण' या रकान्याची चौकशी करीत टोल्यात बसलो. चूल कधी विझवली होती, असे विचारले. सगळ्या बायका एकच सांगत होत्या: सकाळी आठच्या आत. कापणीच्या दिवसांत अंधार असतानाच भाकरी-भात उरकून सगळे शेतावर जातात. मग अकरा वाजता आग लागली कशी? एका म्हातारीने ते सांगितले. "आग चूल्हा में ना, राख में रहेला, हाकिम." सकाळी चुलीतली राख काढून झोपडीमागच्या उकिरड्यावर टाकतात. वरून ती थंड दिसते, आत निखारा असतो. पछुआ सुटला की वरची राख उडते, निखारा उघडा पडतो, आणि उकिरड्यापासून छपराची वळचण हातभर अंतरावर असते.

म्हणूनच २०१६ ची सूचना मला हास्यास्पद वाटली नाही, पण अपुरी वाटली. घड्याळ पाहून चूल विझवली तरी राख घड्याळ पाहत नाही. आणि जिला लहान मूल आहे तिने सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा त्याला काय द्यायचे, याचे उत्तर सूचनेत नव्हते. कौटिल्याने निदान बाहेर शिजवण्याची मुभा दिली होती.

घरातील आगीची आणखी एक बाजू आहे, ती टाळून हा विषय लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. कार्यकारी दंडाधिकारी म्हणून भाजलेल्या स्त्रियांच्या मृत्युपूर्व जबान्या मी घेतल्या आहेत. विवाहानंतर सात वर्षांच्या आत संशयास्पद मृत्यू झाल्यास दंडाधिकाऱ्याने चौकशी करावी, असा नियम त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होता. "स्टोव्हचा भडका उडाला" हे वाक्य मी किती वेळा लिहून घेतले त्याची मोजदाद नाही. ते कधी खरे असे. हवा भरण्याच्या स्टोव्हचे तोंड काजळीने बुजते, बाई पिन घालून ते मोकळे करते, पंप जोरात मारते, किंवा गरम स्टोव्हमध्येच रॉकेल ओतते. अंगावर कृत्रिम धाग्याची साडी असेल तर ती जळताना वितळून कातडीला चिकटते. आणि कधी ते वाक्य खोटे असे. पलंगाशेजारी सासू उभी असे, आणि घरी पाहावे तो स्टोव्ह थंड, धड, कोपऱ्यात. मी सर्वांना खोलीबाहेर काढून, डॉक्टरांकडून शुद्धीवर असल्याचा दाखला घेऊन पुन्हा विचारीत असे. तरी काहीजणी तेच वाक्य पुन्हा सांगत, मागे राहणाऱ्या मुलांचा विचार करून. २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २००१ या वर्षात भारतात आगीने सुमारे १ लाख ६३ हजार मृत्यू झाले असावेत आणि त्यांपैकी ६५ टक्के स्त्रिया होत्या, असा त्याचा अंदाज होता. पोलिसांच्या आकड्यांच्या तो कितीतरी पट होता. आगीपासून बचावाचे शिक्षण देताना यांतील किती मृत्यू अपघात होते आणि किती नव्हते, हा प्रश्न मनात ठेवूनच मी बोलत आलो आहे. ज्या घरात सुनेला जाळले जाते तेथे वाळूची बादली काय करणार?

दिव्यांचे पाहा. बिहारमध्ये रॉकेलची ढिबरी म्हणजे बहुधा औषधाची रिकामी बाटली आणि झाकणातून काढलेली वात. ती उंच आणि हलकी असल्याने मांजराच्या धक्क्यानेही कलंडते. श्रीलंकेतील शल्यचिकित्सक विजय गोडाकुंबुरा यांनी भाजलेल्या रुग्णांवर उपचार करता करता १९९० च्या दशकात एक दिवा तयार केला. तो बुटका आणि जड होता, आटे असलेल्या झाकणाचा होता, आणि पडला तरी गडगडू नये म्हणून त्याला दोन बाजू सपाट होत्या. किंमत अगदी थोडी. लाखो दिवे वाटले गेले. असा दिवा आमच्याकडे का झाला नाही, याची मला आजही खंत वाटते. वीज पोहोचल्यावर ढिबऱ्या आपोआप मागे पडल्या, पण त्यात पुष्कळ वर्षे गेली.

गॅस मात्र वेगाने आला. बिहारच्या त्या सूचनेनंतर काही दिवसांतच, १ मे २०१६ रोजी, सीमेपलीकडच्या बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली, आणि सप्टेंबर २०१९ पर्यंत आठ कोटी जोडण्या दिल्या गेल्या. गवताच्या छपरापाशी उडणारी ठिणगी त्याने खरोखरच कमी झाली. पण चुलीशी दहा पिढ्यांची ओळख असलेल्या बाईला गॅसची ओळख एका दुपारच्या मेळाव्यात कशी होणार? मी निवृत्तीनंतर एका संस्थेच्या कामानिमित्त पाहिले तेव्हा काही घरांत शेगडी जमिनीवर आणि सिलिंडर तिच्या शेजारी, बरोबरीने ठेवलेले होते. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर पसरतो आणि थेट ज्योतीशी जातो. म्हणून शेगडी सिलिंडरपेक्षा उंच ओट्यावर हवी आणि सिलिंडर उभाच हवा. वास आला की दिव्याचे बटण चालूही करायचे नाही आणि बंदही नाही, कारण दोन्हीत ठिणगी पडते. आधी रेग्युलेटर बंद, मग दारे-खिडक्या उघडायच्या, मग १९०६ ला फोन. हे सारे पुस्तिकेत छापलेले असते. वाचता येणारी व्यक्ती बहुधा दिल्लीला किंवा पंजाबात मजुरीला गेलेली असते.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. त्यात ६६ अग्निशामक जवान कामी आले, आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळतात. तारीख मुंबईच्या दुःखाची, पण गंगेच्या मैदानातील आगींच्या ऐन हंगामात पडते. त्या सप्ताहात जिल्ह्याच्या मैदानावर बंबाचे प्रात्यक्षिक होते आणि शाळेची मुले टाळ्या वाजवतात. आम्ही तो कार्यक्रम त्या टोल्यात नेला. दुसऱ्या आगीनंतरच्या वर्षी नेला, आणि महिनाभर आधी, मार्चमध्ये. भाषण ठेवले नाही. राखेसाठी वस्तीच्या पूर्वेला, म्हणजे वाऱ्याच्या खालच्या अंगाला, एक खड्डा खणला, आणि राखेवर तांब्याभर पाणी ओतल्याशिवाय ती उचलायची नाही असे ठरले. चुलीला मातीचा आडोसा केला. अंगावरचे कपडे पेटले तर पळायचे नाही, जमिनीवर लोळायचे, हे मुलांना खेळ म्हणून शिकवले. त्यांनी तो दिवसभर खेळला. भाजल्यावर शाई, बटाटा, दंतमंजन काही न लावता वीस मिनिटे साधे पाणी सोडत राहायचे, हे परिचारिकेने तीन वेळा सांगितले, कारण दोन वेळा कोणी विश्वास ठेवला नाही.

मग मला कौटिल्याची यादी आठवली आणि मी ती बायकांना विचारली. घागरी होत्या, रांजणही बहुतेकींकडे होता. कुऱ्हाड होती. सूप होते, त्याने विस्तवावर धूळ-माती फेकता येते हे त्यांनीच मला दाखवले. आकडी म्हणजे आंबे काढायची लग्गी, ती घरोघर होती, आणि तिनेच पेटलेले छप्पर ओढून खाली पाडतात. पखालीऐवजी खताची रिकामी पोती होती, भिजवून आगीवर मारायला. शिडी मात्र सबंध टोल्यात एकही नव्हती. ती फक्त मालकाच्या वाड्यात होती आणि वाडा अर्ध्या मैलावर होता. अंचलाधिकाऱ्यांनी विचारले, शिडी कोणत्या लेखाशीर्षात बसवायची? अनुदान आग लागल्यानंतरचे होते, आधीचे नव्हते. शेवटी पंचायतीच्या किरकोळ खर्चातून बांबूच्या दोन शिड्या झाल्या. एक टोल्याच्या पश्चिमेच्या टोकाला ठेवली आणि एक विहिरीजवळ. माझी बदली झाली तोवर दोन उन्हाळे गेले होते. त्यांपैकी एकीची एक पायरी तुटली होती, ती त्यांनी सुतळीने बांधून घेतली होती.